जिवाणी

सकाळी सहाला शटर वर करायच्या आधी
मी दोन काटे वाचतो.
एक मेंब्रेनच्या अलीकडचा, एक पलीकडचा.
दोघांतलं अंतर वाढलं
की समजायचं, आत कुणीतरी राहायला आलंय.

आमच्या डिग्रजची जमीन क्षारपड.
उसाला पाजून पाजून वर आलेलं मीठ
बोअरला उतरलं, डाळ शिजेना,
म्हणून ग्रामपंचायतीनं हे यंत्र घेतलं.
पाचाचं नाणं टाकलं की वीस लिटर.
भिंतीवर माझं नाव: पारिसा मगदूम, ऑपरेटर.

मीठ अडवणं सोपं.
ते येतं, आपटतं, बाजूच्या नळीनं निघून जातं.
मीठ घर करत नाही.

घर करतो तो जीवाणू.
एक येऊन टेकतो, अंगातून चिकट सोडतो,
चिकटावर दुसरा, दुसऱ्याच्या आडोशाला तिसरा,
महिन्याभरात पेठ वसते.
मोटरीचा आवाज जाड होतो,
धार तुरकाटीएवढी,
आणि रांगेतनं मुल्लांची रजिया विचारते,
"पारिसभाऊ, यंत्राला कणकण आलीया का?"

क्लोरीननं तो मरतो.
पण क्लोरीन मेंब्रेनलाही खातो.
म्हणून दारात क्लोरीन टाकायचा
आणि उंबऱ्यावर दुसऱ्या औषधानं तो पुसायचा.
पुसलेल्या पाण्यात, वाचलेले चार जण
मेलेल्यांवर जगून पुन्हा उभे राहतात.
हे मिरजेहून आलेल्या कंपनीच्या पोरानं नाही शिकवलं.
वासानं शिकवलं.

गेल्या वैशाखात डीपी जळाली.
चार दिवस पाणी आतल्या आत उभं.
पाचव्या दिवशी टोपण काढलं तर
शिळ्या पेजेवर धरते तशी साय,
तपकिरी, बुळबुळीत.
बोटावर घेतली. गार होती.
आणि का कोण जाणे, झटकवेना.

आक्का घागरीच्या तोंडावर दुपदरी फडकं बांधायची.
पाणी गाळून झालं की फडकं उलटं धरून
गाळलेल्याच पाण्यानं धुवायची,
ती जिवाणी कडीच्या बादलीत घ्यायची,
बादली विहिरीत सोडायची,
आणि बूड पाण्याला टेकल्याशिवाय
कडीची दोरी ओढायची नाही.
"वरनं वतलं तर आपटून मरत्यात रं.
ज्याचं त्याला घरी पोचवायचं.
आपल्याला पाणी पायजे, त्यांचा जीव न्हाई."

मी तिचाच.
पस्तीस अंशाचं पाणी, त्यात कॉस्टिक,
सामू बाराच्या जरा खाली.
तासभर फिरवायचं, तासभर मुरवायचं, पुन्हा फिरवायचं.
आम्लाचं धुणं मागनं;
आधी केलं तर साय शिजून घट्ट बसते.
फेस शोषखड्ड्यात जातो.
त्या वेळी मी पावतीबुक लिहितो.
पावत्या नसल्या तरी लिहितो.

चतुर्दशीला धुणं आलं तर
पंचमीवर ढकलायचो.
एकदा ढकललं आणि मेंब्रेन गेला,
बावीस हजाराचा.
सरपंच काही बोलले नाहीत, नुसतं बघितलं.

तेव्हापासनं चिकटूच द्यायचं नाही, असं धरलंय.
गच्चीवर पाचशेची टाकी बसवली,
शुद्ध पाण्याची, उताराची.
लाईट गेली की कॉक उघडायचा.
रात्री दहाला जेवण झालं की पुन्हा यायचं,
पंधरा मिनिटं नुसतं पाणी सोडायचं,
जोरात, औषध न घालता.
जो टेकायच्या बेतात असतो तो
टेकायच्या आधीच उठून चालू लागतो.
आता धुणं वर्षातनं दोनदा. आधी पाचदा होतं.
दोनदा म्हणजे दोनदाच, शून्य नव्हे.
मला मोजता येतं.

त्या रात्रीच्या पाण्याची नळी
ओढ्याच्या वर हातभर लोंबत होती.
मी तीन फूट पाइप जोडून
तिचं तोंड पाण्यात टेकवलं.

कंपनीचा पोरगा आला, वाकून बघितलं,
"हे कशाला जोडलं काका?"

आवाज लई यायचा रात्रीचा, म्हटलं.